मुठीएवढी नजर

पहिल्या तपासणीच्या दिवशी मी तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ न अडखळता वाचली, आणि खुर्चीतून उठून दाराकडे निघाले ती थेट डॉक्टरांच्या स्टुलावर जाऊन आदळले. डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. "परत बसा जरा," म्हणाले.

तेव्हा मी २९ वर्षांची होते. काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर प्रुफं वाचायची आणि लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या. ह्रस्वाच्या जागी दीर्घ पडलेलं पानावर नजर टाकताच मला पायातल्या काट्यासारखं टोचायचं. अशा बाईच्या डोळ्यांत दोष आहे असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी गेले होते ती वेगळीच तक्रार घेऊन. माणसं आणि वस्तू अचानक उगवतात, ही तक्रार. समोर कुणी नसतं, आणि पुढच्या क्षणी कुणीतरी छातीला धडकून "दिसत नाही का?" म्हणत असतं. नवऱ्याच्या मते मी वेंधळी होते. आईच्या मते लहानपणापासून वेंधळी. दिवेलागणीनंतर बाहेरून घरात येताना उंबरा मला दर वेळी ठेच देऊनच आत घ्यायचा.

नंतरच्या तपासणीत एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठं प्रकाशाचा बारीक कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकलं नाही. मला वाटलं यंत्र अजून सुरू व्हायचंय. मग शेजारून आवाज आला, "दिसलं की दाबा ना." तेव्हा पोटात गोळा आला. कण चमकत होते तर. मग उत्तर येत नसताना वर्गात हात वर करणाऱ्या मुलीसारखी मी अंदाजानं बटण दाबत सुटले. यंत्राला ही लबाडी कळते. काही चमकलेलं नसताना किती वेळा दाबलं, याचाही ते हिशेब ठेवतं. तपासणी पुन्हा करावी लागली. पुढची अकरा वर्षं मी जे करणार होते त्याची ती रंगीत तालीम होती, हे तेव्हा कुठं कळायला!

आणखी एक चाचणी झाली. २० मिनिटं पूर्ण अंधारात बसवून, डोळ्यांना इलेक्ट्रोड लावून, दृष्टिपटल प्रकाशाला विजेच्या भाषेत काय उत्तर देतं ते मोजतात. माझ्या डोळ्यांचं उत्तर जवळजवळ सपाट रेघ निघालं. रेटिनायटिस पिग्मेंटोजा, थोडक्यात आरपी. साधारण ४००० माणसांमागे एकाला होणारा, जनुकांतून येणारा आजार. दृष्टिपटलात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. अंधुक उजेडात आणि कडेला पाहणाऱ्या दंडपेशी, एका डोळ्यात सुमारे १२ कोटी. आणि मधोमध दाटीनं असलेल्या, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी, सुमारे ६० लाख. आरपीत आधी दंडपेशी मरतात. म्हणून पहिल्यांदा रात्र जाते, मग कडा जातात, आणि मधली खिडकी कित्येक वर्षं लख्ख राहते. माझी खिडकी तेव्हा १० अंशांच्या आसपास होती. हात समोर ताठ धरून मूठ वळा. त्या मुठीची रुंदी म्हणजे साधारण १० अंश. तेवढ्यात मला सगळं स्वच्छ दिसे. मुठीबाहेर काळोखही नव्हता, काहीच नव्हतं. आपल्या पाठीमागे आपल्याला काळोख दिसतो का? तसंच.

इलाज विचारला. नव्हता. डोळ्यांच्या आनुवंशिक आजारावरच्या जनुकीय उपचाराचं पहिलं औषध अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरात मंजूर झालं, पण ते आरपीई६५ नावाच्या एकाच जनुकातल्या दोषासाठी. आरपी घडवणारी जनुकं ६० हून जास्त आहेत आणि माझा बिघाड दुसऱ्याच ठिकाणी निघाला. "किती वर्षं?" या प्रश्नाला डॉक्टरांनी प्रामाणिकपणे खांदे उडवले. म्हणजे, नवऱ्यानं बाहेर आल्यावर सांगितलं की त्यांनी खांदे उडवले. मी त्यांचं नाक बघत होते.

आता त्या अकरा वर्षांबद्दल. लोकांना वाटतं, अंधत्व आलं तो काळ सगळ्यात वाईट. माझा सगळ्यात वाईट काळ नजर होती तेव्हाचा. मी आंधळी नव्हते आणि डोळसही नव्हते, आणि सगळी ताकद दुसरी गोष्ट वठवण्यात जात होती. ओळखीचं माणूस समोरून हात करून जाई, माझ्या मुठीत ते सापडत नसे. मी शिष्ट ठरले. कुणी हस्तांदोलनाला हात पुढं केला तर तो हवेतच राही. मग मी भेटल्याबरोबर स्वतःच हात जोडायला लागले, प्रश्न मिटला. बाहेर जाताना नवऱ्याला फिकट रंगाचा शर्ट घालायला लावायचे आणि त्या शर्टाच्या मागं मागं चालायचे. संध्याकाळची आमंत्रणं डोकेदुखीच्या नावावर टळायची. ऑफिसातल्या जिन्याच्या पायऱ्या पाठ होत्या, १४ आणि ९. आणि हे सगळं करून खुर्चीत बसलं की मी पुस्तक उघडून बारीक टाइपातली तळटीप वाचायचे. बघणाऱ्याला शंका येणारच. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणालाही, "सोयीनं आंधळी होते ही." मला त्याचा राग आला, पण बाहेरून पाहता त्याचं निरीक्षण चूक नव्हतं.

मुलगी चालायला लागल्यावर तिचा हात धरून चालणं ही मोठी सोय झाली. मी तिला धरलंय असं जगाला दिसे. धरलेलं तिनं असे. "पायरी," ती हळूच म्हणायची. "खड्डा. काका." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना एकदा तिच्या मैत्रिणी खाली खेळायला बोलवायला आल्या. दार तिनंच उघडलं आणि सांगितलं, "मला संध्याकाळी येता येत नाही. आईला अंधारात दिसत नाही ना." काहीच विशेष नसल्यासारखं म्हणाली. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, काठी शिकायचीय.

शिकवणाऱ्या बाई स्वतः जन्मापासून अंध. साठीच्या असाव्यात, आवाज खणखणीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "किती दिसतं गं तुला?"

"थोडं."

"मग ते थोडं आधी काढून ठेव." आणि हातात काळी पट्टी दिली.

मी खूप वाद घातला. जे थोडं उरलंय ते वापरायला शिकवा, झाकायला काय सांगता? बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुझी नजर म्हणजे लबाड साक्षीदार आहे. दहातलं एक खरं सांगते आणि उरलेल्या नवांबद्दल गप्प बसते. तू त्या एकावर विसंबून पाऊल टाकतेस." प्रुफं वाचणाऱ्या बाईला हे लगेच कळायला हवं होतं. आमच्या धंद्यात चुकलेला शब्द सापडतो. गळलेला शब्द सापडत नाही, कारण वाक्य त्याच्याशिवायही नीट वाचलं जातं. माझं जग तसंच गळकं होतं आणि नीट वाचलं जात होतं.

तर पट्टी बांधून काठी. लांबी छातीच्या मधल्या हाडापर्यंत. मूठ शरीराच्या मधोमध धरायची, मनगटानं काठी डावी-उजवी फिरवायची, खांद्यांपेक्षा जराशी रुंद. डावं पाऊल पुढं जाताना काठीचं टोक उजवीकडं टेकलेलं हवं, उजवं जाताना डावीकडं. म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच बघितलेली असते. ऐकायला सोपं आहे. पहिले आठ दिवस माझे हात आणि पाय एकाच बाजूला जात. कवायतीत चुकणारा एक सैनिक असतो ना, तसं. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेल्या सैनिकांसाठीच रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात ही पद्धत बसवली, असं बाईंनी सांगितलं तेव्हा जरा बरं वाटलं. तेही सुरुवातीला असेच चुकले असणार.

काठीची मर्यादाही लवकर कळली. ती जमिनीवरचं सांगते; डोक्याच्या उंचीवरची फांदी, खिडकीची उघडी झडप, भिंतीवरची पेटी यांच्याबद्दल ती काही बोलत नाही. कपाळावरची खोक अजून आहे.

पण खरी अडचण वेगळीच होती. बाईंच्या आवारात पट्टी बांधून मी छान चालायचे, आणि गल्लीच्या तोंडाशी आले की काठी घडी घालून पिशवीत. बाईंना ते कळत होतं. घडी घालताना होणारा टकटक आवाज त्यांना लांबूनही ऐकू यायचा. एक दिवस त्यांनी विचारलं, "काठी पांढरी का असते, माहीत आहे? तुला तर रंगाचा काही उपयोग नाही." मी गप्प. १९२१ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकारानं, अपघातात दृष्टी गेल्यावर, आपली काठी पांढरी रंगवली, कारण घराजवळच्या वाहनांची त्याला भीती वाटायची. चालकांना तो दिसायला हवा होता. "म्हणजे अर्धी काठी तुझ्यासाठी, अर्धी लोकांसाठी," बाई म्हणाल्या. "तुला तुझी अर्धी हवीय. लोकांची अर्धी नकोय." नेमकं तेच होतं. रस्त्यात काठी उघडणं म्हणजे अकरा वर्षांचं नाटक भर बाजारात संपवणं. ज्या दिवशी उघडली त्या दिवशी काय झालं? काही नाही. लोक बाजूला झाले. इतकी वर्षं मला न दिसणारे लोक मला धडकत होते. आता मी त्यांना दिसत होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला प्रचंड झोप आली, एवढं आठवतं.

बाईंचा एक प्रयोग मी कधी विसरणार नाही. मोकळ्या खोलीत पट्टी बांधून, काठीशिवाय, भिंतीकडं हळू चालायला सांगितलं. "भिंत आली असं वाटलं की थांब." मी थांबले, हात पुढं केला, वीतभर अंतरावर भिंत! कपाळावर, गालांवर काहीतरी दाटून आल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, बाई, चेहऱ्याला कळलं. "बरं," त्या म्हणाल्या, "आता कानात बोटं घाल आणि पुन्हा चाल." मी सरळ जाऊन नाक आपटलं. चेहऱ्याला काहीही कळत नव्हतं. पावलांच्या आवाजाचा भिंतीवरून परत येणारा पडसाद कानांना कळत होता आणि मन ते चेहऱ्याच्या खात्यावर मांडत होतं. १९४० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात हाच प्रयोग झाला होता, आणि करणाऱ्या संशोधकांतला एकजण स्वतः अंध होता. तेव्हापासून मी कडक टाचांची चप्पल घालते. मोकळी जागा, दाराची फट, उभी गाडी, सगळ्याचा आवाज वेगळा. मात्र जोराचा वारा सुटला की मी घराबाहेर पडत नाही. डोळसांना जसं धुकं, तसा आम्हाला वारा. पाऊस उलट मजेचा; तो प्रत्येक वस्तूवर वेगळा वाजतो आणि सगळं अंगण कानात मांडून देतो. छत्री घेतली की मात्र संपलं, मग फक्त छत्रीच ऐकू येते.

मधली खिडकी पुढच्या पाचसहा वर्षांत गेली. आरपीवाल्यांना मोतीबिंदूही लवकर होतो. मला झाला, शस्त्रक्रिया झाली, थोडी साफ झालेली नजर वर्षभर टिकली, मग तीही ओसरली. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाचलेलं पान कोणतं ते मला आठवत नाही. ते शेवटचं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

ओसरत्या काळातली एक गोष्ट मात्र मी कित्येक महिने कुणाला सांगितली नाही. मला दिसायला लागलं होतं. भिंतीवर जाळीदार नक्षी यायची, अतिशय रेखीव. एकदा दिवसाढवळ्या खोलीत टोप्या घातलेली बुटकी माणसं एका ओळीत शांतपणे चालत गेली. आवाज नाही, काही नाही. मी हात पुढं केला, तिथं कुणी नव्हतं. डोळ्यांपाठोपाठ डोकंही चाललं, असं मी धरून चालले. शेवटी डॉक्टरांकडं चाचरत विषय काढला, तर ते म्हणाले, "बुटकी माणसं का? टोप्या?" आणि सहज सांगितलं की याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. स्विस निसर्गअभ्यासक बॉने यानं १७६० साली आपल्या आजोबांची अशीच हकिगत लिहून ठेवली. आजोबांची दृष्टी गेलेली, बुद्धी शाबूत, आणि त्यांना माणसं, पक्षी, इमारती दिसत. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदूचा दृश्यविभाग रिकामा बसत नाही. स्वतःच चित्रं काढतो. वेडाशी याचा संबंध नाही. मला इतकं हलकं वाटलं की पुढच्या वेळी ती माणसं आली तेव्हा मी त्यांना जाऊ दिलं. हल्ली येत नाहीत. कधीकधी आठवण येते.

घराचं व्याकरण बदलावं लागलं. सगळ्यात पहिला नियम दारांचा: दार एकतर सताड उघडं, नाहीतर घट्ट बंद. अर्धं उघडं दार हा माझा एक नंबरचा वैरी; दोन हात पुढं करून चाललं तरी ते बरोबर दोन हातांच्या मधून येऊन नाकावर बसतं. दुसरा नियम, वस्तू जिथून उचलली तिथंच परत. कात्री चार बोटं सरकली तरी माझ्यासाठी ती हरवली. यावरून नवऱ्याशी जितकी भांडणं झाली तितकी पैशावरून झाली नसतील. तो म्हणायचा, "अगं, तिथंच तर आहे." तिथंच! सरळ चांगल्या माणसांच्या तोंडचा हा सगळ्यात निरुपयोगी शब्द. आता तो "तुझ्या उजव्या हाताला, कोपऱ्याजवळ" म्हणतो, आणि ताटातलं सांगताना घड्याळाप्रमाणे: तीन वाजता हे, सहा वाजता ते.

सारख्या आकाराच्या बाटल्यांना रबरबँड लावले, एकीला एक, दुसरीला दोन. कपड्यांच्या आतल्या शिवणीला गाठी. एक गाठ म्हणजे निळा, दोन म्हणजे काळा. पेल्यात पाणी ओतताना कान लावला की भरत आल्याचं कळतं, पाणी वर येतं तसा आवाज बारीक होत जातो. गरम पेयासाठी कडेला अडकवायचं छोटं यंत्र मिळतं, द्रव वर आला की पिपाणीसारखं वाजतं. ते मिळेपर्यंत बोट बुडवून पाहायचे. त्या बोटाला अजून जरा कमी कळतं, आणि तेच पुढं कामाचं निघालं हे माझं दुर्दैव.

लोकांबद्दल थोडं. रस्ता ओलांडायला मदत म्हणून लोक दंडाला धरून ढकलतात, किंवा काठीचं टोकच धरून ओढतात. म्हणजे कुणी तुमच्या डोळ्यात बोट घालून "चला" म्हणावं तसं. मला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढं चाला, बाकी तुमच्या शरीराच्या हालचालीवरून मला सगळं कळतं. पायरी आली, वळण आलं, तुम्हाला घाई आहे, तुम्ही कंटाळलात. माझ्याबरोबरच्या माणसाला "यांना काय हवंय?" असं विचारतात तेव्हा मी आता "यांना पाणी हवंय" असं स्वतःच उत्तर देते. गप्पा मारता मारता न सांगता निघून जाणारे तर किती. मी रिकाम्या खुर्चीला दहा मिनिटं सल्ला दिलेला आहे. पण या सगळ्यांत वरताण म्हणजे "ओळखा पाहू मी कोण?" वाले. आठ वर्षांपूर्वी एका लग्नात भेटलेली बाई खांद्यावर हात ठेवून हे विचारते आणि उत्तर येईपर्यंत हात काढत नाही.

आणि शब्द. माझ्यासमोर "बघा" म्हणून जीभ चावणारे असतात. चावू नका, मीही बघतेच म्हणते. मराठीत आंधळ्यांवर म्हणी कमी नाहीत, आणि एक सोडली तर कुठल्याच म्हणीत त्याचं भलं होत नाही. दळतो तर पीठ कुत्रं खातं. एकदाच काय ते दोन डोळे मिळतात, तेही मागितला होता एक. तरी स्वतःला ‘आंधळी’ असं मोठ्यानं म्हणायला मला काठीपेक्षाही जास्त वेळ लागला.

कामाचं काय, हा प्रश्न होता. संगणकावर स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, बसवला. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतलेला एनव्हीडीए, अगदी फुकट. सुरुवातीला तो यांत्रिक आवाज डोकं उठवायचा. आता मी तो इतक्या वेगानं ऐकते की शेजारी बसलेल्याला माशी गुणगुणल्यासारखं वाटतं. फोनचा पडदा कायम काळा. बोट फिरवलं की बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. संदेशांत लोक हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावतात आणि फोन ती इमानदारीत वाचत बसतो: हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. सहा वेळा ऐकल्यावर हसू खरंच येतं.

पण मुद्रितशोधन त्यानं होईना. ‘दिन’ आणि ‘दीन’ त्याच्या तोंडी सारखेच. एक दिवस आहे आणि एक गरीब आहे, कानाला पत्ता नाही. शंका आली की अक्षर अक्षर सुटं करून ऐकायचं. अशानं एक पान दोन तासांत व्हायचं, आणि शंका न आलेल्या चुका तशाच जायच्या. शुद्धलेखन ही बघायची गोष्ट आहे, ऐकायची नाही, हे मला नजर गेल्यावर कळलं.

मग ब्रेल. चाळिशी उलटल्यावर शिकू नये असं सगळे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पहिल्यांदा पानावर बोट टेकवलं तेव्हा सगळे ठिपके म्हणजे खरखरीत कागद, दुसरं काही नाही. लुई ब्रेलनं १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, ही लिपी जुळवली. त्याआधी बार्बिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याची १२ ठिपक्यांची पद्धत होती. एक खूण बोटाखाली एका वेळी मावत नसे. ब्रेलनं ते सहांवर आणलं, दोन उभ्या रांगा, तीन-तीन ठिपके. सहा ठिपक्यांच्या ६३ खुणा होतात. मराठी एवढ्यात बसते, कारण स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच खूण आहे. आणि ही गोष्ट कळली तेव्हा मी खोलीत एकटीच हसले: ब्रेलमध्ये ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर येते! आपण लिहिताना आधी वेलांटी काढतो आणि मग म्हणतो. बोट मात्र जसं बोलतो तसंच वाचतं. आधी द, मग इ.

या इ नं मला छळलं. ह्रस्व इ म्हणजे दोन ठिपके: डाव्या रांगेतला मधला, उजव्या रांगेतला वरचा. हीच जोडी एक घर खाली सरकली की दीर्घ ई. आणि इ आरशात धरली की ए: डावीकडचा वरचा, उजवीकडचा मधला. माझं भाजकं बोट या तिघांत फरक करायला तयार नव्हतं. ‘दिवा’ मी ‘देवा’ वाचायचे, आणि वाक्य तेवढ्यापुरतं नीट लागायचंही. ‘देवा लाव.’ कुणाच्या मागं लावायचा? शेवटी ते बोट सोडून डाव्या हाताच्या तर्जनीनं वाचायला घेतलं. दोन वर्षं लागली. एका सकाळी ‘दीन’ वाचताना काहीतरी टोचलं. पायातल्या काट्यासारखं. तिथं ‘दिन’ हवं होतं.

आता टेबलावर संगणकाला जोडलेली ४० खणांची ब्रेलपट्टी आहे. पडद्यावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी वर येते, वाचून झाली की पुढची. पूर्वीच्या निम्म्या वेगानं काम होतं. काही जुने लोक अजून प्रुफं पाठवतात, काहींनी हळूहळू थांबवलं.

दृष्टीतलं आज एवढंच उरलंय की खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती खिडकी कुठं आहे ते कळतं. दिवा लागलाय की नाही, ते कळत नाही. कुणी आलं तर मी त्यांच्यासाठी दिवा लावते, ते गेल्यावर मालवायचा राहतो, आणि रात्री मुलीला माझ्या खोलीत लख्ख उजेडात मी काम करत बसलेली सापडते. ती आता १६ वर्षांची आहे. संध्याकाळी घरी नसते. गेल्या वर्षी सुट्टीत तिनं माझी ब्रेलची पाटी आणि टोचणी उचलली आणि शिकायला लागली. पाटीवर लिहिणं उफराटं असतं. कागदाच्या मागून टोचायचं, म्हणून उजवीकडून डावीकडं, आणि प्रत्येक खूण आरशातल्यासारखी उलटी.

परवा खोलीतून बाहेर पडताना बटणाच्या खाली हाताला कागद लागला. चिकटवलेला. बोट फिरवलं.

‘आई, देवा बंद कर.’

पहिला विचार जुनाच आला, आपलंच चुकलं. पुन्हा बोट फिरवलं. डावीकडचा वरचा, उजवीकडचा मधला. तिसऱ्यांदा, अगदी सावकाश. ए.

मुलीला हाक मारली. "काय लिहिलंयस हे?"

"दिवा बंद कर. दिसत नाही, आपलं, लागत नाही का नीट?"

"इ उलटवायची राहिलीय तुझी."

ती जवळ आली, कागद पुटपुटत तपासला. "हां, खरंच की."

मी कागद भिंतीवरून सोडवला, टेबलाशी बसले, नखानं ते दोन ठिपके दाबून सपाट केले आणि टोचणी मागितली. दोन नवे टोचून हात फिरवून पाहिलं. दिवा. आता बरोबर होतं.

"आई," ती दारातूनच म्हणाली, "तो अजून चालूच आहे."